साडेतीनचा पाढा आणि अर्धी भाकर

दत्तूच्या तेराव्याचं जेवण फार छान झालं, असं सगळेच म्हणाले. लाडू मऊ होते, कढी बेताची आंबट होती आणि वाढणारी मुलं चपळ होती. ज्या माणसानं शेवटची कितीतरी वर्षं मऊ भात आणि ताकाच्या निवळीवर काढली, त्याच्या नावानं लोकांनी चार-चार लाडू उठवले आणि आत्मा तृप्त झाला म्हणून हात धुतले. आत्म्याचं मला ठाऊक नाही, माझी त्याची गाठ पडलेली नाही. दत्तूच्या पोटाला मात्र मी सत्तर वर्षं जवळून ओळखत होते. ते तृप्त झालेलं मी कधी पाहिलं नाही. त्याचं एकदा ऑपरेशन झालं, दोनदा रक्त पडलं, आणि पाटबंधारे खात्याच्या नोकरीत पगाराइतकीच नियमित त्याला जळजळ मिळाली. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा पांढऱ्या गोळ्यांची पट्टी ठेवायचा. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत नवरीच्या पानात वरण पडायच्या आत हा जेवून मोकळा झाला होता. व्याही मंडळींना वाटलं, जावई रुसला. रुसायला वेळ लागतो. दत्तू जेवणाला तेवढा वेळ देत नसे.

औरंगाबादचे पोटाचे डॉक्टर तरुण होते, नम्र होते. नळी घालून आतलं सगळं पाहून झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "आजोबा, लहानपणी घरात काही त्रास होता का? म्हणजे भीती, उपासमार, मारहाण? लहान वयातली भीती कधीकधी पोटात मुक्काम करते. माणूस मोठा होतो, पोट त्याच वयाचं राहतं."

दत्तू म्हणाला, "छे हो डॉक्टरसाहेब! आमचं लहानपण मजेत गेलं. आम्ही मामाकडं होतो."

"मग काय, लाडच लाड!" डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर बहुधा तसंच लिहिलं. मामा म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, अगदी पदवीधर माणसाच्यासुद्धा. मी शेजारीच बसले होते. आयुष्यभर ग्रंथालयात लोकांची पुस्तकं जागच्या जागी लावणारी बाई मी. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक मला लांबून दिसतं. तरी मी काही बोलले नाही. तेव्हा बोलले नाही म्हणून आता लिहिते आहे. यातही माझी शिस्त दिसून येते.

वडील शहागडला वारले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दत्तू सहा. आई आम्हाला आणि एक पितळी डबा घेऊन अंबडला तिच्या भावाकडं आली. मामा विधुर, मूलबाळ नाही, तहसील कचेरीत कारकून. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मामा, त्यांची छत्री आणि त्यांचा रुबाब. मागच्या खोलीत चूल आणि आम्ही तिघं. आईला घर मिळालं, मामांना स्वयंपाकीण मिळाली, आणि गावाला मामांचं कौतुक करायला एक विषय मिळाला. "बहिणीला पोसून राह्यले बिचारे," असं लोक म्हणत. बिचारे मामा ते ऐकत आणि मान खाली घालत. मान खाली घालण्याची ती पद्धत मी नंतर बऱ्याच सत्कारसमारंभांत पाहिली.

मामा वाईट नव्हते. हे वाक्य मी आधीच लिहून टाकते, कारण आई असती तर तिनं ते मला पहिल्यांदा लिहायला लावलं असतं. मामांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं. निजामाच्या अमलात त्यांच्या उर्दू अक्षराला मान होता; अर्ज त्यांच्या हातचा असला की साहेब वाचण्याआधी नुसता बघत बसे म्हणे. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि कचेरीत हळूहळू मराठी कागद येऊ लागले. चाळिशीतला माणूस संध्याकाळी पाटी घेऊन 'क्ष' आणि 'ज्ञ' गिरवायला बसायचा. आम्ही पाहतो आहोत असं दिसलं की पाटी उलटी करायचा. ऑफिसातली कालची पोरं त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर हसत. कचेरीत गेलेला मान कुठंतरी भरून काढायला हवा होता, आणि घरात दोन रिकामटेकडी मुलं होतीच. जेवतसुद्धा होती.

कचेरीतल्या घंटेचे टोल घरी ऐकू येत. संध्याकाळचे सात पडले की आई पाट मांडायची. तव्यावर भाकर फुगल्याचा वास, येसराच्या आमटीचा वास, आणि परातीत थापा पडल्याचा तो ओला, जाड आवाज. या तीन गोष्टींवर माझ्या वयाच्या बायका कविता करतात. दत्तूला मात्र थापांचा आवाज सुरू झाला की लघवीला लागायची.

कारण जेवताना आमच्याकडं औटकी असे. आताच्या मुलांना सांगायला हवं, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट साडेतीन, दोन औटे सात, असा थेट शंभरापर्यंत. बाजारपेठेतल्या लोकांना तो तोंडपाठ असे. ज्याला औटकी येते त्याला दुनियेत कुणी फसवत नाही, असं मामांनी कुठल्याशा व्यापाऱ्याकडून ऐकलं होतं. मामांनी मला उजळणीचं पुस्तक आणून दिलं आणि सांगितलं, "कमळे, तू पाठ कर आणि याचंही करून घे. सवाल मी विचारीन, जेवताना. पोटात अन्न जात असतं तेव्हा अक्कल ताजी असते. खामखा वक्त वाया घालवायचा न्हाई." पुढं दशमानाचे नवे पैसे आले, औटकी गेली, आणि दुनिया पुन्हा लोकांना सुखानं फसवू लागली.

नियम सोपा होता. मामा आम्हाला दोघांना एकेक प्रश्न विचारणार. चूक झाली तर दुसऱ्यानं ती पकडायची, आणि चुकणाऱ्याची अर्धी भाकर पकडणाऱ्याच्या ताटात जायची. मामा याला इन्साफ म्हणत. ताटात काही टाकायचं नाही हा दुसरा नियम. आलेली भाकर खाल्लीच पाहिजे. भाकर मोजून असायची, मला एक, दत्तूला एक. दत्तू उत्तर द्यायचा, मग मामा माझ्याकडं वळून भुवई उडवायचे: "बराबर?" मी म्हणायची, "चूक." आणि खरं उत्तर सांगायची. मामा मान हलवायचे: "बिलकुल!" मी कधी चुकले नाही. दत्तूनं मला कधी पकडलं नाही. तीन वर्षांत मी किती अर्ध्या भाकरी जिंकल्या ते सोडून देऊ, पण शाळेत मला सगळे 'गुटगुटीत' म्हणत, एवढी नोंद पुरे आहे.

दत्तू मठ्ठ नव्हता. दिवसा, लिंबाखाली, माझ्यापुढं तो औटकी घडाघड म्हणायचा. पाटावर बसला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्यानं स्वतःपुरते दोन उपाय शोधले. पहिला असा की, प्रश्न यायच्या आत अर्धी भाकर पोटात ढकलायची. न चावता, आमटीत बुडवून, पाण्याच्या घोटाबरोबर. गिळताना त्याचे डोळे बाहेर यायचे. दुसरा उपाय असा की, उरलेली अर्धी आधीच मोडून ताटाच्या माझ्याकडच्या कडेला ठेवायची, म्हणजे निकाल लागल्यावर उगाच मोडामोड करायला नको. हे दुसरं पाहून मामा खूश झाले होते. "पोराला कायदा समजला," म्हणाले.

आई चुलीपुढं पाठमोरी असायची. ती काही म्हणाली नाही, असं नाही. एकदा म्हणाली, "दादा, जेवू द्या ना त्याला. काय करून राह्यले तुम्ही त्याचं?" मामा म्हणाले, "तुझ्या पोराला माणूस करून राह्यलो. न्हाई पसंत, तर शहागडची बस रोज जाते." त्यानंतर आईनं वेगळा मार्ग काढला. ती दत्तूची भाकर जराशी मोठी थापू लागली, मामांच्या लक्षात येणार नाही इतपत. तिचा हिशेब असा की, अर्धी गेली तरी उरलेली अर्धी मोठी राहील. त्यामुळं माझ्याकडं येणारी अर्धीही मोठी झाली. हे आईच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. आम्ही दोघीही त्याबद्दल कधी बोललो नाही. आमच्या घराण्यात बायका फार समंजस.

रात्री दत्तू पोट धरून गुडघे छातीशी घ्यायचा. मामांचं निदान तयार असे: जास्त खाणं. रविवारी सकाळी त्याला एरंडेल मिळे. मामा स्वतः नाक दाबून पाजायचे, वर एक गुळाचा खडा द्यायचे आणि म्हणायचे, "जबान को लगाम पाहिजे." अर्ध्या भाकरीवर जगणाऱ्या मुलाला जास्त खाण्याचं औषध देणारे वैद्य नंतर मी देशात पुष्कळ पाहिले; मामा त्यांच्यात पहिले.

अशी तीन वर्षं गेली. मग जालन्याचे एक शेठजी जेवायला आले. मारवाडी, जैन, धान्याचे मोठे व्यापारी. जमिनीच्या कुठल्याशा कागदासाठी तीन दिवस कचेरीत खेटे घालत होते. बाजारपेठेत ज्यांचा शब्द चालतो अशा माणसाला आपण घरी जेवायला बोलावू शकतो, याचा मामांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्याकडून सतरंजी मागून आणली. शेठजी सूर्यास्तानंतर जेवत नसत, म्हणून पाट पाच वाजताच मांडले. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आईनं मुगाची उसळ केली, कढी केली, आणि शिरा केला. शिरा आमच्याकडं दिवाळीलासुद्धा आईच्या मर्जीवर असे. तुपाचा वास आल्यावर दत्तू दोनदा मागच्या दारी जाऊन आला.

शेठजी जाडजूड, घामेजलेले, हसरे होते. पहिला घास घेऊन म्हणाले, "बाई, कढी तर आमच्या घरावानी झाली." आईला इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं; ती पदर सावरत आत गेली. मामांना वाटलं, आता आपली पाळी. "शेठजी, आपल्या लायनीची एक चीज दाखवतो. दत्तू, जल्दी सांग. तेरा औटे?"

दत्तूच्या तोंडात शिऱ्याचा घास होता. तो त्यानं तसाच गिळला. "साडे... साडेत्रेचाळीस."

मामांनी माझ्याकडं पाहून भुवई उडवली. "बराबर?"

त्या दिवशी भाकरीऐवजी शिऱ्याचा इन्साफ होणार होता. दत्तूच्या ताटातली ती लहानशी वाटी, वर एक मनुका. मी पाहुण्यांसमोर जास्तच स्पष्ट आवाजात म्हणाले, "चूक! साडेपंचेचाळीस."

शेठजींनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं, मग दत्तूकडं. दत्तूनं वाटी माझ्या बाजूला सरकवायला सुरुवात केलीच होती. शेठजी म्हणाले, "न्हाई न्हाई, कारकूनसाब. छोरा बराबर बोलून राह्यला. साडेत्रेचाळीस."

आणि तेव्हा मी मामांचा चेहरा पाहिला. ते माझ्या तोंडाकडं पाहत होते, मग शेठजींच्या, मग पुन्हा माझ्या. शाळेत ज्या मुलाला उत्तर येत नाही तो असा शेजाऱ्यांच्या ओठांकडं पाहतो. ओठ त्यांचेही हलले, आकडा काही निघाला नाही. शेवटी ते मोठ्यानं म्हणाले, "हां, बिलकुल बराबर! साडेत्रेचाळीस. कमळे, दे तुझा अर्धा शिरा त्याला. इन्साफ म्हणजे इन्साफ."

मी शिरा दिला. दत्तूनं तो आणि स्वतःचा मिळून तीन घासांत संपवला, आणि दिवेलागणीला मागच्या दारी सगळा ओकला. मामा म्हणाले, "गरिबाच्या पोराला तूप सोसत न्हाई." एरंडेल रविवारची वाट न पाहता मिळालं.

शेठजी निघताना मी दारात तांब्या घेऊन उभी होते. फुगून बसलेली असणार मी. ते हात धुता धुता हळूच म्हणाले, "बेटी, आकडा तुझाच खरा व्हता. पन आमी दिवसभर दुकानात बराबर-बराबर करतो. जेवताना करत न्हाई. अन्न कडू होतं." पंच्याला हात पुसून ते गेले. जालन्याला त्यांचं दुकान होतं, पुढं मी तिथं शिकायला गेले, पण त्यांना भेटायला कधी गेले नाही. माझं खरं होतं हे त्यांनी सांगितलं, एवढंच मला त्या दिवशी ऐकू आलं. मी खूश झाले.

बाकीचं कळायला रात्र जावी लागली. मामांना औटकी येत नव्हती. उर्दू शाळेत ती त्यांना कुणी शिकवलीच नव्हती, आणि बोटं मोजून करावी तर पोरांच्या देखत कशी करणार? प्रश्न विचारायला पाढा यावा लागत नाही. ते विचारायचे, दत्तू काहीतरी बोलायचा, आणि मग ते माझ्याकडं वळून "बराबर?" म्हणायचे. ती माझी परीक्षा आहे असं मला वाटायचं. परीक्षा कसली, ती त्यांची खरीखुरी शंका होती. त्या पाटांवर बसून औटकी सांगता येणारी मी एकटी होते. तीन वर्षं दत्तूची प्रत्येक चूक मी सांगितल्यामुळं चूक झाली होती. मी गप्प बसले असते, नुसतं "बराबर" म्हटलं असतं, तर पोरानं साडेतीनशे सांगितलं असतं तरी भाकर त्याची त्याला राहिली असती.

आता कुणालाही वाटेल की दुसऱ्याच दिवशी मी "बराबर" म्हटलं. पुस्तकांतल्या मुली तसं करतात. मी तशी पुस्तकं खूप वाचली आहेत, कप्प्यात लावली आहेत. मी दुसऱ्या दिवशी "चूक" म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. मी बारा वर्षांची होते, मला एका भाकरीत भागत नव्हतं, आणि त्यात चूक ती चूकच होती. सत्यप्रियतेची सवय लागलेल्या माणसाला एकदम खोटं बोलणं जड जातं. विशेषतः सत्याला तुपाचं बोट लावलेलं असेल तर. चौथ्या दिवशी दत्तू शाळेतून येताना वाटेत खाली बसला. पोट धरून, रस्त्याच्या कडेला, बैलगाड्या जात असताना. मी त्याला उठवलं. त्याचा दंड माझ्या मुठीत मावला, आणि वर जागा उरली. मनात ठरवलं.

संध्याकाळी आईनं पाट मांडले. आमटी होती, अंबाडीची भाजी होती. दत्तूनं पहिली अर्धी भाकर आत ढकलली, दुसरी अर्धी मोडून माझ्या बाजूच्या कडेला ठेवली. मामा म्हणाले, "सतरा औटे?"

"साडेबावन्न."

"बराबर?"

सतरा औटे साडेएकोणसाठ. आजही मला झोपेत कुणी विचारलं तरी सांगेन. मी म्हणाले, "बराबर."

चुलीपुढं आईचा हात परातीवर थांबला. मामांनी मान हलवली: "बिलकुल." झालं, एवढं सोपं होतं ते. भाकर दत्तूच्या ताटातच राहिली. मी वाट पाहू लागले की आता तो ती उचलेल.

दत्तूनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. भीती होती, रोजच्यापेक्षा जास्त. रोज निदान काय होणार ते त्याला माहीत असायचं. त्यानं ती अर्धी भाकर उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

"घे ना, अक्का," तो पुटपुटला. "चूकच हाय. मला ठावं हाय."

"बरोबर आहे रे. खा तू."

"न्हाई, चूक हाय." त्याचा आवाज रडका झाला. "साडेएकोणसाठ. येतं मला. मुद्दाम चूक बोल्तो मी. लवकर आटपतं मंग. तू घे, न्हाई तर मामा अजून इचारतील."

मामांनी हे ऐकलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दत्तूकडं पाहिलं. दोघांपैकी कुणाचा आकडा खरा, हे विचारायला त्या घरात आता तिसरं कुणी नव्हतं. मग त्यांना सापडलं काय म्हणायचं ते. त्यांचा चेहरा उजळला. "पोरगं इमानदार आहे," ते आईकडं वळून म्हणाले, "चूक झाली तर स्वतःहून कबूल करतं. हे खरं शिक्षण." आणि त्यांनी आमटी ओरपली.

आई वळली नाही. दत्तू हात धुवायला उठला; त्याचं जेवण झालं होतं, कचेरीतल्या सातच्या टोलाला पाच मिनिटंही झाली नसतील. त्याची अर्धी भाकर माझ्या ताटात होती, आणि ताटात काही टाकायचं नाही असा त्या घराचा नियम होता.

मी ती खाल्ली. आमटीत कुस्करून, सावकाश, नीट चावून. माझं पोट आजतागायत उत्तम आहे.